लाकूड अजून ओलं आहे

पौष लागला की माझ्या अंगठ्याचं नख शिवशिवायला लागतं. काल सुनेनं भिगवणच्या बाजारातून हुरड्यासाठी ज्वारीची कणसं आणली. आमच्या वस्तीभोवती आता जिकडेतिकडे ऊस. ज्वारी विकत आणावी लागते, आणि हे सांगताना मला अजून थोडी लाज वाटते. मी एक कणीस उचललं आणि दाणा नखानं दाबला. दूध नाही, पीठही नाही, दोहोंच्या मधलं चिकट, गोडसर काहीतरी. म्हणजे बरोबर हुरड्यात आलेलं. हल्ली दाण्याचा रंग डोळ्यांना कळत नाही, पण नख अजून खोटं बोलत नाही.

आणि मग, घरात थेंबभर नसताना, जवसाच्या तेलाचा वास आला. दर पौषात येतो. फार वर्षांपूर्वी एका पौषात मी महिनाभर एका लाकडाला जवसाचं तेल चोळत होतो आणि त्याच लाकडाबद्दल रोज एक खोटं बोलत होतो. त्या खोट्याचं ओझं आणि ते उतरलं तेव्हाचा हलकेपणा, दोन्ही त्या वासात मुरलेलं आहे.

साल नेमकं सांगत नाही. पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती, एवढं नक्की. आमचं जुनं पळसदेव तेव्हा भीमेच्या काठावर उन्हात होतं, आता ते उजनी धरणाच्या पाण्यात आहे. मी गावचा सुतार, वय सव्वीस, फायनलपर्यंत शिकलेला आणि त्याचा गर्व असलेला. नांगर, पाभर, गाडीची चाकं, लग्नातले पाट, सगळं माझ्या हातचं. बंदूक मात्र मी कधी केली नव्हती.

ती मला करायला लावली तात्यांनी. तात्या गावचे मोठे शेतकरी, साठी ओलांडलेले, अंगानं ताठ, आवाजानं त्याहून ताठ. तरुणपणी उडता तितर टिपणारा माणूस म्हणून त्यांचं नाव पार इंदापूरपर्यंत होतं. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की गावाबाहेरच्या बाभळीला नारळ टांगायचा आणि तात्यांनी दुनळी बंदुकीनं तो फोडायचा, ही गावची रीत. आधीच्या दोन दसऱ्यांना नारळ फुटला होता. तो कसा फुटला हे तात्या सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गर्दीच्या मागं भिवा धनगर उभा असायचा. भिवा म्हणजे गोफणीचा बादशहा. तात्यांनी घोडा ओढला की त्याच क्षणी भिवाची गोफण सुटायची. बार आभाळात, दगड नारळावर. "फुटलं! फुटलं!" म्हणून सगळे ओरडायचे. त्यात मीही असायचो, आणि माझा आवाज चांगला मोठा होता.

कारण तात्यांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. समोरच्या माणसाला ते आवाजावरून ओळखत आणि पायरी पायानं चाचपत. पण "तात्या, तुम्हाला दिसत नाही" हे म्हणणार कोण? आमच्याकडे थोरामोठ्याला आंधळा म्हणण्यापेक्षा त्याच्या बंदुकीला आंधळी म्हणणं सोपं. म्हणून गावानं ठरवलं की बंदुकीला दृष्ट लागली.

बंदुकीची दृष्ट काढताना मी हजर होतो. तात्यांच्या बायकोनं, आक्कानं, मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या आणि ओसरीवर आडव्या ठेवलेल्या बंदुकीवरून ओवाळल्या. हात बंदुकीवरून एकदा फिरला आणि शेजारी बसलेल्या तात्यांच्या डोळ्यांवरून तीनदा. मग मिरच्या चुलीत टाकल्या. दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. त्या दिवशी असा ठसका आला की वासरू दावं तोडायला लागलं. आक्का पदर तोंडाला लावून खोकत खोकत म्हणाली, "न्हाय आला ठसका! दिष्ट लागलीच हुती बगा!" आम्ही सगळ्यांनी डोळे पुसत माना हलवल्या.

मला आता हसू येतं. पण कार्तिकात जे झालं त्यावर अजून हसू येत नाही.

ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. सकाळचं धुकं होतं, भिवा काळं घोंगडं डोक्यावरून घेऊन बांधाला वाकून शेळीच्या पायातला काटा काढत होता. तात्यांना वाटलं, डुक्कर. त्यांनी बार टाकला. लांबचा बार, छर्रे पसरून आलेले, घोंगडं तेलकट आणि जाड. सगळे छर्रे लोकरीत अडकले. भिवा तसाच वाकून ओढ्यात उतरला आणि थेट माझ्याकडे आला. माझ्या कामाच्या ओंडक्यावर बसून तो घोंगड्यातून एकेक छर्रा कुसळासारखा उपटत होता आणि हसत होता, पण उपटलेले मोजतही होता.

"तात्यांना बोलला न्हाईस?" मी विचारलं.

"काय बोलू? तुमी मला डुक्कर समजला म्हनू?" भिवा म्हणाला. "आज घोंगडं हुतं, वाचलो. पर लेका, त्यास्नी काय सांगू नगंस. म्हाताऱ्याच्या जिवाला लागंल."

तिकडे तात्या ओसरीवर सांगत होते, "डुक्कर हातचं ग्येलं. बंदुकीत पल्लाच न्हाय ऱ्हायला. आता लांब पल्ल्याची रायफल करायची. भीमेच्या ह्या थडीवरनं त्या थडीवरचं काळवीट पडलं पायजे." तेव्हा परवाना असला की काळवीट मारणं गुन्हा नव्हता, उलट मोठेपणाच होता. परवाना तात्यांच्याकडे होता. नव्हते ते डोळे. चार पावलांवरचा माणूस ओळखू येईना आणि गोळी हवी पाचशे पावलांची!

मार्गशीर्षात आम्ही दोघं आगगाडीनं पुण्याला गेलो. लष्कर भागातल्या बंदुकीच्या दुकानात एक हळू बोलणारा, चष्म्यावरून बघणारा म्हातारा होता. त्यानं मेजावर गोणपाट पसरून तीन नळ्या मांडल्या. तात्यांनी एकेक नळी उचलली, तोल पाहिला, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला, तोंडाशी बोट फिरवून गोलाई चाचपली. शेवटी मधली घेतली, सगळ्यात लांब आणि जड. "जड नळी हालत न्हाय," ते म्हणाले. केवढा जाणकार माणूस, असं मला वाटलं. जाणकार ते होतेच. पण त्यांनी एकाही नळीतून उजेडाकडे बघितलं नाही, हे मला परतीच्या गाडीत सुचलं.

मग गोळी आत सरकवणारा बोल्ट निवडला. दोन-चारदा मागेपुढे करून, कानाशी धरून, सगळ्यात कमी खडखडणारा. मग आली माशी. नळीच्या टोकावर जी बारीक खुंटी असते, जी सावजावर धरायची, तिला माशी म्हणतात. म्हाताऱ्यानं तळहातावर दोन माश्या ठेवल्या, एक केसासारखी बारीक, एक जाड. तात्यांची बोटं दोन्हींवरून फिरली आणि जाडीवर थांबली. "बारीक माशी बायकांच्या नथीत शोभती," ते म्हणाले. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गोणपाटाकडे पाहिलं.

"मग दुर्बीण बसवा," म्हातारा तात्यांना हळूच म्हणाला. "लांबच्या पल्ल्याला बरी पडते."

"बंदुकीला चष्मा?" तात्या गरजले. "माजी बंदूक काय म्हातारी झाली व्हय?"

खांद्याला लावायचा लाकडी दस्ता मात्र दुकानात नको, लाकूड आपल्या गावचं हवं, हा तात्यांचा हट्ट. निघताना म्हाताऱ्यानं मला माप घ्यायला शिकवलं: कोपर दुमडायचा, आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत सुतळी धरायची, तेवढा दस्ता. मी तात्यांच्या हातावर सुतळी धरली आणि गाठ मारली. एवढ्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बुबुळावर दुधावरच्या सायीसारखी पांढरट झाक होती.

लाकडाचा विचार मी गाडीतच करत आलो. सागाचं मला धाडस होईना, दस्ता मुठीपाशी बारीक होतो, तिथं तो बाराचा धक्का सोसेल का, कोण जाणे. बाभूळ चिवट, पण जड आणि गाठींची. राहिली शिसव. माझ्या बापानं मी जन्मायच्या आधी शिसवीचा एक ओंडका माळ्यावर टाकून ठेवला होता, काहीतरी नामी काम येईल म्हणून. तीस वर्षं धूर खाल्लेला. अख्ख्या इंदापूर तालुक्यात त्याहून वाळलेलं लाकूड नसेल.

तो ओंडका खाली काढला त्याच दिवशी आक्का आली. निमित्त लाटण्याचं. लाटणं हातात फिरवत ती म्हणाली, "शंकर, ह्ये लाकूड किती दिसांत वाळंल?"

"आक्का, ह्ये वाळलेलंच हाय. आठ दिसांत दस्ता तयार करतो."

"मग त्येला वलं म्हन."

मला कळेना. आक्कानं लाटणं खाली ठेवलं. "भिवाच्या घोंगड्याचं मला ठावं हाय. छर्रं लोकरीत ऱ्हायलं. ह्या नव्या बंदुकीची गोळी लोकरीत ऱ्हाईल व्हय रं? रानात समदी आपलीच मानसं. उद्या एखादी लेकुरवाळी खुरपायला वाकली तर?" तिनं लाटणं पुन्हा हातात घेतलं. "त्यास्नी सांगायचं माज्यानं हुत न्हाय. चाळीस वर्सं झाली लग्नाला, नवऱ्याला आंधळा कसा म्हनू? तू निस्तं लाकूड वाळू देऊ नगंस."

आणि मी ते वाळू दिलं नाही! बायकांची एकेक व्रतं असतात, तसं माझं ते पौषाचं व्रत. सकाळी पटाशीनं चार टवके काढायचे, दुपारी काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, मग जवसाचं तेल तळहातावर घेऊन चोळायचं, लाकूड कोमट होईपर्यंत. दस्त्यावर मी ज्वारीचं कणीस कोरायला घेतलं, दाण्याला दाणा लावून, म्हणजे तेवढाच वेळ जाईल. शिसवीतून काळे-तांबडे पदर असे वर आले की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटायचं. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम हातून होत होतं आणि ते पुरं होऊ नये म्हणून मी देवाला हात जोडत होतो.

तात्या रोज यायचे. "झालं का रं?"

"लाकूड अजून वलं हाय, तात्या. आत्ताच बसवलं तर तडकंल."

ते दस्त्यावर बोटाच्या पेरानं ठकठक करायचे, मान हलवायचे. "वलं हाय व्हय? मग वाळू दे." आणि काठी टेकत जायचे. बाहेर ज्वारीची कणसं पोटरीतून निसवून वर आली, भरली, दाण्यात दूध आलं. शेताशेतात राखणीचे माळे उभे राहिले आणि पाखरं हाकणाऱ्या बायांचे आवाज एका रानातून दुसऱ्या रानात जायला लागले. सगळं आपापल्या वेळेनं पिकत होतं. माझं लाकूड तेवढं ओलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तात्या आले, ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "शंकर, आज वाळलं."

मी नळी बसवली, बोल्ट बसवला, स्क्रू आवळले. ती त्यांच्या खांद्याला लागली तेव्हा जन्मतःच तिथं असल्यासारखी बसली. उन्हं वर आली होती. आम्ही नदीवर गेलो. मी चुन्यानं रंगवलेलं मडकं पोत्यात घेतलं होतं. मागे उंच दरड असलेली जागा निवडली, म्हणजे गोळी मातीत जाईल. भिवाला सांगितलं होतं, मेंढरं घेऊन काठावरच्या देवळाच्या मागं जा. तो म्हणाला, "त्यापरीस मी बंदुकीच्या मागं उबा ऱ्हातो, त्येच बरं." आणि खरंच येऊन आमच्या पाठीशी बसला.

वाळूतून मी तीनशे पावलं मोजत गेलो. दरडीशी एक सपाट दगड होता. पोत्यात हात घातला, मडक्याचा गार काठ हाताला लागला. तिथं उभं राहून मागं बघितलं तर तात्या लहानसे दिसत होते, आणि त्यांच्या मागं घोंगडं पांघरलेला भिवा, काळा ठिपका. इतक्या लांबून तो मलासुद्धा डुकरासारखाच दिसला. काय करतोय हे कळायच्या आत मी पोतं पुन्हा गुंडाळलं आणि मडकं तसंच घेऊन परत आलो.

"ठिवलं का?"

"ठिवलं, तात्या. दिसतंय का?"

"दिसतंय की. लख्ख दिसतंय!"

ते पालथे झोपले, दस्ता गालाला लावला, श्वास आवरला. बार झाला. टिटव्या ओरडत उठल्या, दरडीची माती भसकन खाली आली. तात्यांनी मान वर केली.

"फुटलं का रं?"

एवढ्याशा तीन शब्दांना उत्तर द्यायला मला जितका वेळ लागला तितका पुन्हा कशालाच लागला नाही. 'फुटलं' हा शब्द ओठावर आयता होता. दोन दसरे मी तो ओरडलो होतो. भिवानंही तोंड उघडलं होतं. मी त्याला हातानं थांबवलं, पोत्यातून मडकं काढलं आणि तात्यांच्या दोन्ही हातांत दिलं.

"तात्या, मडकं मी ठिवलंच न्हाय."

त्यांनी ते चाचपलं. काठ, पोट, बूड. चुना बोटांना लागला. आता हा माणूस उठणार आणि उद्या गावात माझं तोंड दाखवायची सोय राहणार नाही, असं वाटत होतं.

"मग त्ये पांढरं काय दिसतंय?" तात्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान होता. तेच पुढे म्हणाले, "मला समदंच पांढरं दिसतंय रं."

मग मी सगळं सांगितलं. नारळ, गोफण, ठसका. आणि कार्तिकातलं डुक्कर कोण होतं तेही. तात्यांनी हात लांबवला, भिवाच्या घोंगड्याला लागला, आणि बोटं एकेक भोक शोधत राहिली.

"कसरीची भोकं हायती ती, तात्या," भिवा म्हणाला. "लई जुनी."

"आता तरी खरं बोल की, लेका," तात्या म्हणाले, आणि रडायला लागले. मीही रडलो, मला त्याची लाज वाटत नाही. भिवा तेवढा हसत होता, त्याची तऱ्हाच तशी.

परत निघताना तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दिसतंय असं सोंग आता कशाला? निम्म्या वाटेत म्हणाले, "शंकर, त्ये लाकूड पयल्या दिवशीच वाळलेलं हुतं. वाजवल्यावर कळत हुतं मला. डोळं ग्येलं, कान न्हाय."

"मग तुमी बोलला न्हाई?"

"तू वलं म्हनायचास, मला बरं वाटायचं. आजचा दिस टळला, म्हनायचो."

म्हणजे महिनाभर आम्ही दोघं एकाच लाकडाआड लपलो होतो! मला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

माघात बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हा मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय काढत नसत. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर वेळेवर आलात. छान पिकलाय." आक्का म्हणाली, "आमची जवारी बी." डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून तात्या उताणे पडून होते. तसे मुकाट ते आधी कधी दिसले नव्हते. पुढे बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. तो लावून त्यांनी आधी आक्काकडे खूप वेळ पाहिलं, मग मला म्हणाले, "शंकऱ्या, तू येवढा काळा हायस व्हय रं?" मग दस्ता मागवला. माझं कणीस डोळ्यांपाशी नेलं, फिरवलं. "एका अंगाला दानं कमी हायती." होतेच. संक्रांतीला घाई झाली होती.

पुढे त्या रायफलनं दोन डुकरं पडली. पण घोडा ओढायच्या आधी तात्या दर वेळी मान न वळवता विचारायचे, "भिवा हितंच हाय न्हवं?" मागून "हाय, हाय" आलं की मगच बार. ते आमच्या गावात रूढच झालं. मोट विहिरीत सोडताना, झाड तोडताना, कढई उतरवतानासुद्धा कोणीतरी म्हणायचं, भिवा इथंच आहे ना? तात्या गेले, मग आक्का, मग भिवा. रायफलचं लोखंड ठाण्यात जमा झालं. दस्ता आक्कानं जायच्या आधीच मला दिला होता. तो माझ्या उशाशी असतो. वैशाखात उजनीचं पाणी उतरलं की जुनं देऊळ डोकं वर काढतं आणि कधीकधी ती दरडही दिसते. मी जाऊन बघून येतो. गेल्या वर्षी गेलो तेव्हा नातवाला म्हणालो, ती बघ दरड. तो म्हणाला, आजोबा, ती होडी आहे.

काल हुरडा खाताना नातवानं ते घरात सांगितलं, म्हणून आज सकाळी सून मला बारामतीला घेऊन गेली. दवाखाना चकचकीत, डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. "आजोबा, खालची ओळ दिसतेय का?"

"दिसतंय की, लख्ख" हे शब्द जिभेवर येऊन बसले होते. मी ते गिळले.

"न्हाय दिसत," मी म्हणालो. "समदं पांढरं दिसतंय."

"काढून टाकू," ती म्हणाली. "आता पिकायची वाट बघत नाही आम्ही." म्हणजे हुरड्यातच काढतात म्हणायचं. मी मोठ्यानं हसलो. सून मात्र रागावली होती. परतीची एसटी बारामतीबाहेर पडली तशी तिला राहवेना.

"मामंजी, किती दिवसांपासून दिसत नाही तुम्हाला? मग आजवर सांगितलं का नाही?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथं हिरवं काहीतरी होतं, ऊस असावा.

"लाकूड अजून वलं हुतं," मी म्हणालो.